पंखावरची चंद्रकोर

एमेट स्किबाचा अंगठा विमानाच्या पंखावरून सावकाश सरकत होता, तो एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा त्याच जागी थांबला, आणि व्हर्लिन बुखोल्ट्सनं हातातला पेला खाली ठेवला. ती जागा त्याला पाठ होती. डाव्या पंखाची वरची बाजू, मागच्या कडेपासून दुसरी ओळ. तिथे पत्र्यात नखाएवढी एक चंद्रकोर रुतलेली होती. महिनाभर त्यानं तिच्यावर निळी चिकटपट्टी लावून ठेवली होती, आणि आज सकाळी, पट्टी दिसली तर लोक विचारतील म्हणून, आपल्याच हातानं ती काढून टाकली होती. अक्कल गहाण पडते ती अशी. गॅरेजमध्ये विमानं बांधणाऱ्यांच्या क्लबातली सात-आठ माणसं कागदी पेल्यांतून कॉफी पीत उभी होती. बाहेर फॉन्ड ड्यू लॅक गावाचा फेब्रुवारी, तळं अजून गोठलेलं, आणि आत कॉम्प्रेसरशेजारी ठेवलेल्या हीटरची ऊब. या मंडळींची रीतच अशी, की कुणी घरी विमान बांधत असला तर पत्रे कायमचे बंद करण्याआधी त्यानं बाकीच्यांना बोलवायचं. त्यांनी आत डोकवायचं, हात फिरवायचा, खोड्या काढायच्या, बायकोनं भाजलेलं काहीतरी खायचं आणि घरी जायचं. एमेट त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा. त्याचे डोळे अधू झाले होते, पण अंगठा शाबूत होता.

“हे हसू कुणाचं रे?” एमेट म्हणाला.

हसू म्हणतात ते त्या खुणेला, कारण ती तशीच दिसते. पत्रे जोडायचे तर दोन माणसं लागतात. एक बाहेर, त्याच्या हातात हवेवर चालणारी रिवेटची, म्हणजे पत्रे सांधणाऱ्या खिळ्यांची, बंदूक. दुसरा आत, त्याच्या हातात पोलादी ठोकळा. बाहेरचा रिवेटच्या डोक्यावर धडधड ठोकतो, आतला शेपटाशी ठोकळा दाबून धरतो, आणि मध्ये ते रिवेट चपटं होऊन बसतं. बंदूक जागेवर नीट टेकण्याआधी घोडा दाबला तर ती घसरते आणि तिच्या तोंडाची कड पत्र्यात उमटते. ठोकळ्यानं अशी खूण उठत नाही. ही खूण बंदूकवाल्याचीच, हे त्या गॅरेजमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विमान काही त्यानं पडत नाही. रंगाखाली दिसतसुद्धा नाही. ‘माझं,’ एवढं म्हटलं असतं तर दोघंचौघं हसले असते, कुणीतरी आपल्या विमानावरच्या चार खुणा सांगितल्या असत्या, आणि एमेटचा अंगठा पुढे सरकला असता.

“त्या दिवशी बंदूक रोझलीकडे होती,” व्हर्लिन म्हणाला.

हे वाक्य कुठून आलं ते त्याला कळलं नाही. शिंक येते तसं ते आलं. आल्यावर मात्र ते गॅरेजभर झालं.

“बायकोच्या हातात बंदूक दिलीस?” ड्वेन ओरडला. ड्वेनचं ओरडणं म्हणजेच बोलणं. आयुष्यभर त्यानं लिलावात गुरं विकली होती. “आणि तू अजून जिवंत कसा रे?” सगळे हसले. व्हर्लिनही हसला. आणि हसतानाच त्याला स्वयंपाकघराकडचं दार उघडं दिसलं. दारात रोझली उभी होती, हातात दालचिनीच्या केकचा ट्रे. ती नुकतीच आली होती की मघापासून उभी होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. एमेट तिच्याकडे वळला. “काय गं रोझली, ही सही तुझी का?”

तिनं व्हर्लिनकडे पाहिलं. फार वेळ नाही. रस्ता ओलांडताना माणूस गाडीकडे पाहतो तेवढंच. व्हर्लिननं ट्रेकडे पाहिलं. केकचे तुकडे तिनं नेहमीसारखे तिरपे कापले होते.

“हो, मीच ती,” रोझली म्हणाली. “माफ करा हं मंडळी. केक घ्या, गरम आहे तोवर.”

ती ‘काय?’ म्हणाली असती तर! ‘मी? मी तर बंदुकीला कधी हातसुद्धा लावला नाही,’ असं म्हणाली असती तर तो लाल झाला असता, काहीतरी बरळला असता, ड्वेननं त्याला वर्षभर सोलून काढलं असतं, आणि ते रास्तच झालं असतं. पण तिनं त्याला झाकलं. अंगावर पांघरूण घालावं तसं झाकलं, आणि त्या पांघरुणाखाली तो आता उकडून निघत होता. मंडळी गेल्यावर तिनं पेले गोळा केले. “एमेट थकला गं आता,” तो म्हणाला. “हो ना,” ती म्हणाली. विषय संपला.

खोटं बोलणाऱ्यांशी व्हर्लिनची ओळख जुनी. तीस-एक वर्षं त्यानं विमा कंपनीत मोटारींच्या अपघातांची पाहणी केली होती. लोक सांगायचे, साहेब, मी उभाच होतो, तोच येऊन आदळला. व्हर्लिन ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, मग उकिडवा बसून दाराच्या पत्र्यावरून हात फिरवायचा. पोचा कुठून कुठे खोल होत गेलाय, रंग कुठल्या अंगानं सोललाय, यावरून कोण हलत होतं आणि कोण उभं होतं ते तो सांगायचा. माणसं खोटं बोलतात, पत्रा बोलत नाही, हे त्याचं पेटंट वाक्य. संध्याकाळी जेवताना तो रोझलीला त्या दिवशीचे खोटे रंगवून सांगायचा. एक पाद्री होता, एक शाळामास्तर, एक चीज कारखान्याचा मालक. मालकानं तर सगळा दोष शेजारी बसलेल्या बायकोवर घातला होता, म्हणे तिनंच स्टिअरिंग ओढलं. बायको समोरच होती, मान खाली घालून ‘हो’ म्हणाली होती. “आणि तुला सांगतो,” व्हर्लिन बटाटे वाढून घेत म्हणाला होता, “त्या माणसाची मला किळस आली.” रोझलीनं तेव्हा विचारलं होतं, “आणि बायकोची?” त्यानं काय उत्तर दिलं होतं ते आता आठवत नव्हतं. बहुधा दिलंच नसावं. ते जेवण आता त्याला रोज आठवायचं, बटाट्यांच्या वासासकट.

ती चंद्रकोर उमटली तो दिवस तर त्याला मिनिटामिनिटाला ठाऊक होता. रेडिओवर सामना लागला होता आणि शेवटची मिनिटं चालू होती. रोझली पंखाखालच्या भोकातून खांद्यापर्यंत हात आत घालून ठोकळा धरून बसली होती. मनगट तिचं दुखत होतं. शाळेत मुलांना क्लॅरिनेट शिकवता शिकवता ते मनगट कधीचंच कामातून गेलं होतं. कानांवर आवाज अडवणारी टोपणं असल्यानं दोघांचं बोलणं ठोक्यांनी चालायचं. रिवेट बसलं की नाही ते आतल्यालाच दिसतं, म्हणून आतल्यानं ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवायचं. दोन ठोके म्हणजे झकास, पुढचं घे. तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक. एक म्हणजे अजून बसलं नाही, पुन्हा मार. ही खूण त्यांनी शोधलेली नाही, रिवेट मारणाऱ्यांची ती पिढ्यांपिढ्यांची बोली. रोझलीचा कान तयार, तिला तर आवाजावरूनच कळायचं. त्या दिवशी मैदानात कुणीतरी पळत सुटला, निवेदक किंचाळला, आणि व्हर्लिनचं बोट घोड्यावर दाबलं गेलं. आतून लगेच तीन ठोके आले. मग तिनं हात बाहेर काढून, एका कानावरचं टोपण वर करून विचारलं होतं, “व्हर्न, काही झालं का?” “कुठे काय,” तो म्हणाला होता आणि तळवा त्या जागेवर ठेवला होता. म्हणजे खोटं गॅरेजभर माणसं जमली त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. ते आधीच तळव्याखाली होतं.

पण खरा काटा वेगळाच होता. पहिल्या हिवाळ्यात, विमानाच्या सुट्या भागांचे पेटारे नुकते फोडले होते आणि घरभर खोक्यांचा भुसा झाला होता, तेव्हा रोझली म्हणाली होती, “मलाही एकदा दे ना मारायला. टाकाऊ तुकड्यावर.” तो म्हणाला होता, “देतो की. आधी माझा हात बसू दे.” त्याचा हात बसला. दुसऱ्या हिवाळ्यात ती पुन्हा म्हणाली, तेव्हा काम उरकायची घाई होती. तिसऱ्या हिवाळ्यात तिनं विचारलं नाही. ती विमानाच्या शेपटाच्या नळकांड्यात पोटावर सरपटत शिरायची, कारण ती चणीनं लहान, आणि तो बाहेर उभा राहून मारायचा, कारण विमान त्याचं. नियमच आहे की घरी बांधलेल्या विमानावर बांधणाऱ्याच्या नावाची पट्टी लावावी लागते. ती पट्टी कोरून आली होती. तिच्यावर एकच नाव होतं. पट्टी करायला सांगताना दुसरं नाव त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि पाकीट फोडलं तेव्हा रोझली म्हणाली होती, “छान कोरलंय.” चार हिवाळे जी बंदूक तिला दिली नाही, तिचा दोष तेवढा त्यानं तिच्या हातात ठेवला. तिला त्या विमानात त्याच्याकडून मिळालेली ती पहिली वस्तू.

शुक्रवारी क्लबची सगळी मंडळी तळलेले मासे खायला जमत. त्या शुक्रवारी ड्वेननं ग्लासवर चमचा वाजवला आणि पिशवीतून पिस्तुलाचं एक चामडी म्यान काढलं, सिनेमातले काउबॉय कमरेला बांधतात तसलं. “आपल्या नेमबाज बाईंना, क्लबातर्फे!” टाळ्या झाल्या. रोझलीनं उठून ते म्यान स्वेटरवर बांधलं, हात वाकवून पवित्रा घेतला, आणि हॉटेल हसण्यानं दणाणलं. पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी बाईनं विचारलं, काय झालं? आणि कुणीतरी तिला सांगितलं: नवऱ्याचं विमान चेपलंय हिनं. व्हर्लिननं ब्रँडीचा ग्लास तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळूनही तसाच धरून ठेवला. आता बोलावं, उभं राहून बोलावं, असं त्याला वाटलं. गुडघे टेबलाखाली ताठ झाले. मग वेट्रेसनं कोबीची कोशिंबीर आणली आणि कुणाला हवी, कुणाला नको, यात ती घडी निघून गेली. लाज अशीच असते. तिला बाहेर पडायला रस्ता मिळतो तेव्हा नेमकं कुणीतरी काहीतरी वाढायला येतं.

परतताना गाडीत तो म्हणाला, “रोझली, त्या दिवशी...”

“कुठल्या?”

वायपर काचेवरून फिरत होते. तिनं म्यान मांडीवर घेतलं होतं आणि अंगठ्यानं त्याचं बटण लावत-काढत होती.

“काही नाही. हीटर वाढवू का?”

“वाढव.”

म्यान तिनं स्वयंपाकघरात फडक्यांच्या खुंटीला अडकवलं आणि त्यात कात्री ठेवली. रोज सकाळी ती तिथून कात्री काढून दुधाचं खोकं कापायची आणि कात्री परत त्यात सरकवायची. त्यात टोमणा होता का? व्हर्लिन पत्र्यावरची रेघ वाचावी तसा तिचा चेहरा वाचू बघायचा आणि त्याच्या हाती काही लागायचं नाही. ती पूर्वीसारखीच बोलत होती, पूर्वीसारखीच शेपटात शिरत होती, तिचे ठोके पूर्वीसारखेच स्वच्छ येत होते, दोन, दोन, दोन. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. एकदा त्यानं पंखावरची ती जागा लांबी भरून बुजवायचा घाट घातला. पातं हातात घेतलं, जवळ गेला. खूण इतकी लहान होती! जन्मभर लोकांच्या गाड्यांवर यापेक्षा मोठे पोचे त्यानं ‘किरकोळ’ म्हणून सोडले होते. लांबी वाळून दगड झाली तरी तो तिथेच उभा होता, आणि तेवढ्यात रोझली आत डोकावून म्हणाली, “बुजवू नकोस. लोक आता विचारतात, दाखव म्हणून.”

मार्चमध्ये फक्त पाठीवरचा मागचा पत्रा उरला, आणि त्यातलीही एकच ओळ. शेवटची रिवेटं क्लबसमोर मारायची हीसुद्धा एक रीत. आदल्या संध्याकाळी रोझली भांडी पुसत होती. पाठमोरी. ती म्हणाली, “व्हर्न, बंदूक धरतात कशी?”

त्यानं धुतलेली बशी पुन्हा नळाखाली धरली. “का गं?”

“लोक विचारतात. काहीतरी सांगता यायला हवं ना मला.”

दार सताड उघडलं होतं तिनं. आत यायचं की नाही एवढंच त्याच्याकडे होतं. चला, गॅरेजमध्ये जाऊ, तुकडा लावतो, आधी तोंड घट्ट टेकव, मग घोडा, हळूच, अंग मागून रेटायचं... पण तिला शिकवायला घेणं म्हणजे तिला येत नाही हे मोठ्यानं मान्य करणं, आणि मग ते दुसरंही म्हणावं लागणार. “कोण विचारतंय आता,” तो म्हणाला, “विसरले सगळे.” रोझलीनं फडकं खुंटीला लावलं, म्यानाच्या बाजूला. “बरं,” ती म्हणाली.

विसरतंय कोण! शनिवारी गॅरेजात पाय ठेवल्या ठेवल्या ड्वेननं हाळी दिली, “शेवटची ओळ कोण मारणार? नेमबाज बाई मारणार!” आणि टाळ्या सुरू झाल्या. व्हर्लिन म्हणाला, “अरे, तिचं मनगट...” “मनगटाचं काय,” ड्वेन म्हणाला, “पंखावर चाललं ना मनगट?” एमेट हसत होता. रोझलीनं हात पुढे केला होता, तळवा वर, आणि व्हर्लिनच्या हातात बंदूक होती. त्यानं ती दिली. वजनानं तिचा हात किंचित खाली गेला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्याच्या आलं. आणि तेव्हाही त्यानं वाकून कानात सांगितलं नाही की आधी टेकव, मग दाब. बंदूक रोझलीकडे म्हणजे ठोकळा त्याच्याकडे. तो स्वेटर काढून, सामानाच्या जागेतून, शेपटाच्या नळकांड्यात शिरला.

विमान बांधायला घेतल्यापासून या जागेत तो कधी आला नव्हता. पोट अडकलं. मागे कुणीतरी म्हणालं, “बूच बसलं रे!” तो कोपरांवर पुढे सरकला. आत अंधार होता आणि थंडी, पत्र्याची सोलून काढणारी थंडी. खाली जुन्या गालिच्याचा एक तुकडा पसरलेला होता, कोपरांच्या जागी झिजलेला. तिनं तो कधी आणला होता? एका बरगडीला, धार लागू नये म्हणून, तिनं पायमोजा गुंडाळून बांधला होता. तिच्या हातांच्या मलमाचा वास येत होता. चार हिवाळे ती इथे पालथी पडून होती, आणि बाहेर येऊन विचारायची, चहा टाकू का? त्याचा श्वास त्याच्याच तोंडावर येत होता. डोक्यावर न भरलेल्या भोकांची ओळ, प्रत्येकात उजेडाचा एक ठिपका. मग एक ठिपका विझला; रिवेट आत आलं. त्यानं ठोकळा शेपटाशी लावला.

बंदूक धडाडली. ती टेकलीच नव्हती. रिवेटवर दोन ठोके, मग घसरल्याचा तो ओला, किरटा आवाज, मग शांतता. इतका मोठा आवाज आत होतो हे त्याला माहीत नव्हतं. दात शिवशिवत होते. आणि मग पत्र्यापलीकडून हसण्याचा लोंढा आला. “तीच सही!” ड्वेन. “अगदी तीच! जुळतंय रे!” कुणीतरी टाळ्या पिटल्या. आणि त्या सगळ्याच्या मधून, मोठ्यानं नाही, शांत, केक घ्या म्हणताना होता तसा आवाज:

“हो, मीच ती.”

या वेळी ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते त्याच्या छातीत रुतलं. त्यानं ठोकळा उचलला आणि तीन वेळा वाजवला. बिघडलं, काढून टाक. “कळलं रे बाबा, दिसतंय आम्हाला!” ड्वेन ओरडला. व्हर्लिननं कानांवरची टोपणं ओढून काढली.

“पंखावरची माझी आहे,” तो म्हणाला.

“काय म्हणतोय तो?”

“पंखावरची खूण माझी आहे!” पत्रा घुमला. स्वतःचा आवाज त्याला बाहेरून आल्यासारखा ऐकू आला, म्हातारा, चिरका. “तिनं बंदूक आज पहिल्यांदा धरलीय. चार हिवाळ्यांत मी तिला एकदाही दिली नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो. ती माझ्यासाठी हो म्हणाली.”

हसणं तुटलं. कुणाचा तरी पेला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. एमेट खाकरला. व्हर्लिन गालिच्यावर गाल टेकून पडून राहिला. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण हे कुठून बोललो. जिथे त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं आणि त्याला कुणाचं, तिथून. तिचं तर नाहीच नाही.

कानाशीच, अगदी वर, पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोका पडला. एक.

तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला. ठिपक्यांमधून तिच्या स्वेटरचा निळा रंग दिसत होता, हलत नव्हता. दुसरा ठोका आला नाही. एक म्हणजे अजून बसलं नाही, पुन्हा मार.

त्यानं ठोकळा गालिच्यावर ठेवला आणि तो मागे सरकू लागला. वळायला जागा नव्हती. बाहेर सगळे थांबले होते. आधी त्याचे बूट बाहेर आले, मग पाय, मग अडकलेलं पोट, आणि तोंड सगळ्यांत शेवटी.